खोक्यावरचे वॉट आणि गाडीतले व्होल्ट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गाडीतील ध्वनियंत्रणेविषयी या वेळी आलेल्या पत्रांचा रोख जवळजवळ सारखाच आहे. अँप्लिफायरवर लिहिलेली शक्ती प्रत्यक्षात मिळते का आणि गाडीच्या बॅटरीचा किंवा अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) त्याच्याशी संबंध काय, असे बहुतेकांनी विचारले आहे. म्हणून हा संपूर्ण अंक त्याच विषयाला दिला आहे. प्रश्न संक्षिप्त करून छापले आहेत.

प्रश्न (नाशिक) : मी सबवूफरसाठी (फक्त बेसचे, खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरसाठी) मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, अँप्लिफायर घेतला. त्याच्या माहितीपत्रकात ‘१४.४ व्होल्टला, २ ओहमवर ५०० वॉट आरएमएस’ असे छापले आहे (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत अवरोध, आरएमएस म्हणजे सलग मिळणारी सरासरी शक्ती). वायरमनने बॅटरीवर मीटर लावला, तेव्हा १२.६ व्होल्टच दिसले. मग मला ५०० वॉट मिळतात की नाही? १४.४ हा आकडा आला तरी कुठून?

उत्तर : आपण ज्याला १२ व्होल्टची बॅटरी म्हणतो तिच्यात सहा कोष असतात आणि पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक कोष साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून इंजिन बंद असताना निरोगी बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. आपल्या वायरमनने मोजलेला आकडा इंजिन बंद असतानाचा असणार आणि तसे असेल तर तो अगदी योग्य आहे. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर कामाला लागतो. बॅटरी चार्ज करायची तर तिच्यापेक्षा जास्त दाबाने वीज द्यावी लागते, म्हणून अल्टरनेटरचा रेग्युलेटर व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान ठेवतो. इंजिनाभोवतीची हवा थंड असताना ते वरच्या टोकाकडे आणि तापलेली असताना खालच्या टोकाकडे झुकते.

पूर्वी प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीच्या व्होल्टेजला आणि सोयीच्या विकृतीला (आवाज फाटण्याच्या प्रमाणाला) शक्ती मोजून मोठे आकडे छापत असे. अमेरिकेतील कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने २००३ साली सीईए-२००६ हे मानक काढले आणि त्यात १४.४ व्होल्ट पुरवठा, ४ ओहमचा भार आणि १ टक्क्याहून अधिक नसलेली विकृती अशा मोजणीच्या अटी घालून दिल्या. २ ओहमसारख्या इतर भारांचे आकडे उत्पादक त्याशिवाय देऊ शकतो. संस्थेचे नाव बदलल्यावर हेच मानक सीटीए-२००६ म्हणून ओळखले जाते. थोडक्यात, १४.४ हा आकडा धावत्या गाडीतील चांगल्या स्थितीचा आहे. तो फसवा नाही, पण प्रत्येक क्षणाचा नाही.

आता आपल्या ५०० वॉटांकडे वळू. २ ओहमच्या स्पीकरवर ५०० वॉट द्यायचे तर अँप्लिफायरला ३१.६ व्होल्ट आरएमएस (लाटेची प्रभावी सरासरी), म्हणजे लाटेच्या शिखराला जवळजवळ ४५ व्होल्ट द्यावे लागतात. गाडीत तर १४ च व्होल्ट असतात. म्हणून अँप्लिफायरच्या पोटात एक स्वतंत्र वीजपुरवठा असतो : तो बॅटरीची सरळ वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका छोट्या गोल ट्रान्सफॉर्मरमधून वाढवतो आणि तिची पुन्हा सरळ वीज करतो. बाजारातील बहुतेक अँप्लिफायरमध्ये हा पुरवठा अनियंत्रित असतो, म्हणजे आत जे व्होल्टेज येईल त्याच्या ठरावीक पटीत तो बाहेर देतो. आत १४.४ ऐवजी १२.६ आले की आतले ४५ व्होल्टही त्याच प्रमाणात खाली येऊन सुमारे ३९ होतात. शक्ती मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ती व्होल्टेजपेक्षा झपाट्याने उतरते. आपल्या अँप्लिफायरचा हिशेब त्यामुळे असा होतो : १४.४ व्होल्टला ५०० वॉट, १३.८ ला सुमारे ४६०, १२.६ ला सुमारे ३८० आणि ओढाताणीत ११.५ व्होल्टवर आले तर सुमारे ३२०.

हे आकडे वाचून नवा अल्टरनेटर घ्यायला निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कान वॉट मोजत नाही, तो डेसिबलच्या भाषेत ऐकतो. ५०० वरून ३८० वॉटवर येणे म्हणजे फक्त १.२ डेसिबलची घट होय आणि संगीत चालू असताना साधारण १ डेसिबलचा फरक बारकाईने ऐकणाऱ्यालाच जाणवतो. ३२० वॉटवर आले तरी घट २ डेसिबलच्या आतच राहते. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. तेव्हा कमी व्होल्टेजमुळे ‘आवाज गेला’ ही तक्रार बहुधा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते. कमी व्होल्टेजने खरे नुकसान होते ते आवाजाच्या शुद्धतेचे. त्याबद्दल सोलापूरच्या पत्राला दिलेल्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : स्टिरिओच्या (डॅशबोर्डमधल्या संगीतयंत्राच्या) तोंडावर ‘५० वॉट गुणिले ४’, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॉट, असे लिहिलेले असते. दुकानदार म्हणतो की त्यातून २० च वॉट निघतात. कोण खरे?

उत्तर : दोघेही आपापल्या परीने खरे सांगतात, पण आपल्या उपयोगाचा आकडा दुकानदाराचा आहे. स्टिरिओमध्ये व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यातील अँप्लिफायरची चिप थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर चालते. स्पीकरच्या दोन्ही टोकांना दोन छोटे अँप्लिफायर उलट दिशेने जोडलेले असतात, त्यामुळे स्पीकरला जास्तीत जास्त पूर्ण १४.४ व्होल्ट मिळू शकतात. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम म्हणजे ५१.८ वॉट. छापलेल्या ‘५०’ चा उगम हा आहे. परंतु ही शक्ती मिळते ती लाट पूर्णपणे चौकोनी झाल्यावर, म्हणजे ऐकवणार नाही इतका आवाज फाटल्यावर. स्वच्छ, गोलाईच्या लाटेची शक्ती त्याच्या निम्मी, म्हणजे २५.९ वॉट होते आणि चिपमध्येच व्होल्ट-दीड व्होल्ट खर्ची पडत असल्यामुळे हातात २० च्या आसपास उरतात. इंजिन बंद करून १२.६ व्होल्टवर ऐकत असाल तर तेच १५ च्या आसपास येतात.

या रचनेमुळे एक पथ्य पाळावे लागते. स्पीकरची ऋण तार कधीही गाडीच्या बॉडीला जोडू नये. तिच्यावरही व्होल्टेज असते आणि ती अर्थ केली (बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली) की चिप जळू शकते. जुन्या गाडीत नवा स्टिरिओ बसवताना ही गफलत हमखास होते, कारण जुन्या काही टेपरेकॉर्डरना एक तार बॉडीलाच असे.

प्रश्न (ठाणे) : माझ्या मित्राच्या अँप्लिफायरच्या पुस्तिकेत ‘११ ते १४.५ व्होल्टपर्यंत शक्ती तीच’ असे लिहिले आहे. आपण सांगता तो वर्गाचा नियम मग तिथे का लागू होत नाही?

उत्तर : नियम तिथेही लागू आहे, फक्त त्या अँप्लिफायरचा आतला पुरवठा नियंत्रित आहे. जेएल ऑडिओच्या स्लॅश मालिकेमुळे अशी रचना पुष्कळांना माहीत झाली. बाहेरचे व्होल्टेज उतरले की आतील ट्रान्झिस्टर चालू राहण्याचा काळ वाढवला जातो आणि ट्रान्सफॉर्मरपुढचे व्होल्टेज जागच्या जागी ठेवले जाते. स्पीकरच्या बाजूला काहीच बदलत नाही, म्हणून शक्तीही बदलत नाही.

ही शक्ती अर्थातच फुकट येत नाही. क्लास ‘डी’ जातीचा (वेगाने चालू-बंद होऊन कमी वीज वाया घालवणारा) अँप्लिफायर सुमारे ८० टक्के कार्यक्षम धरला तर ५०० वॉट देण्यासाठी तो ६२५ वॉट ओढतो, १४.४ व्होल्टला त्याला ४३ अँपिअर लागतात, तर ११.५ ला ५४. व्होल्टेज जितके कमी, तितका प्रवाह जास्त. प्रवाह जास्त झाला की तारेत होणारी घट आणखी वाढते. अनियंत्रित अँप्लिफायर अशा वेळी मागणी कमी करून गाडीला थोडा श्वास घेऊ देतो, नियंत्रित मात्र अडचणीतल्या बॅटरीकडे आणखी मागतो. म्हणून नियंत्रित अँप्लिफायर कमकुवत वायरिंगवरचा उपाय ठरतो असे मला वाटत नाही. उलट तो बसवायचा तर वायरिंग अधिक जाड हवी. ज्यांची वायरिंग मुळात सुदृढ आहे त्यांनी थोडी जास्त क्षमतेचा अनियंत्रित अँप्लिफायर घेतला तरी काही बिघडत नाही.

प्रश्न (सातारा) : रात्री गाणे लावले की बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात. एकाने १ फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटक्यात देणारा भाग; फॅरड हे त्याच्या क्षमतेचे एकक) लावा म्हणून सांगितले, दुसऱ्याने मोठी बॅटरी, तिसऱ्याने जाड वायर. नेमके काय करावे?

उत्तर : हेडलाइट हा चांगला साक्षीदार आहे, पण तो काय सांगतो हे नीट समजून घेतले पाहिजे. हॅलोजन दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे साडेतीनाव्या घाताने बदलतो. त्यामुळे १३.८ व्होल्टवरून अर्धाच व्होल्ट कमी झाला तरी प्रकाश सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो आणि तो लयीत होत असल्यामुळे डोळ्याला लगेच कळतो. म्हणजे दिवे मंद झाले म्हणून फार मोठा बिघाड आहे असे नाही. दुसरे असे की बॅटरीपासून डिकीपर्यंत गेलेली अँप्लिफायरची धन तार बारीक असली तर तिच्यातील घट फक्त अँप्लिफायरला भोगावी लागते, दिव्यांना नाही, कारण दिव्यांची वायर वेगळी आहे. दिवे मंद होतात तेव्हा व्होल्टेज दोघांच्या सामाईक ठिकाणी उतरलेले असते : अल्टरनेटरवर, बॅटरीवर किंवा बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला गेलेल्या अर्थच्या पट्ट्यांवर.

यातील अल्टरनेटर-बॅटरीचे नाते बहुतेक जण उलटे समजतात. गाडीत १४ व्होल्ट असताना बॅटरी वीज देत नसते, घेत असते. अँप्लिफायरची मागणी अल्टरनेटरच्या आवाक्याबाहेर गेली की व्होल्टेज घसरू लागते आणि ते साडेबाराच्या आसपास आल्यावरच बॅटरी उणीव भरून काढायला पुढे येते. म्हणून मोठी बॅटरी लावली तर व्होल्टेज १२.४ वर टिकेल, ११.५ पर्यंत कोसळणार नाही, एवढाच लाभ होतो. १४ वर ठेवणे तिच्या हातात नाही. ते काम फक्त अल्टरनेटरचे आहे. अल्टरनेटरही आपल्या पाटीवरचा आकडा इंजिनाला बऱ्यापैकी फेरे असतानाच देतो. सिग्नलला गाडी उभी, एसी चालू, पंखा फिरतो आहे, दिवे लागले आहेत, अशा वेळी त्याची क्षमता पाटीवरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते. दिवे फक्त आयडलिंगला मंद होत असतील आणि थोडी रेस दिल्यावर स्थिर होत असतील तर कारण तिथेच आहे.

कपॅसिटरचा हिशेब तर कागदावर सहज करता येतो. १ फॅरडच्या कपॅसिटरचे व्होल्टेज १४.४ वरून १३.४ वर येईपर्यंत तो सुमारे १४ ज्यूल ऊर्जा देतो. अँप्लिफायर त्या क्षणी ७०० वॉट ओढत असेल तर ही ऊर्जा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपते. ४० हर्ट्झच्या बेसची एक लाट पूर्ण व्हायलाच सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो, म्हणजे कपॅसिटर एका लाटेलाही पुरत नाही आणि रिकामा झाल्यावर त्याला पुन्हा भरणारा अल्टरनेटर तोच असतो. अगदी क्षणिक ठोक्यांत दिव्यांची थरथर तो थोडी मऊ करतो हे खरे आहे, पण आपल्यासारख्या तक्रारीवर मी त्याला पैसे घालायला सांगणार नाही.

खर्च करण्यापूर्वी एका साध्या मल्टिमीटरने तपासणी करावी. इंजिन चालू ठेवावे आणि ५० हर्ट्झचा अखंड स्वर, नेहमी ज्या आवाजात ऐकता त्या आवाजात, काही सेकंदच वाजवावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरा, लांब तार जोडून, अँप्लिफायरच्या धन टर्मिनलवर टेकवावा. मीटरवर दिसेल तो आकडा म्हणजे त्या तारेत, फ्यूजमध्ये आणि जोडांमध्ये मिळून हरवलेले व्होल्ट. मग हीच मोजणी अँप्लिफायरचे अर्थ टर्मिनल आणि बॅटरीचा ऋण खांब यांच्यात करावी. प्रत्येक बाजूला पाव व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग चांगली आहे. मी पाहिलेल्या बहुसंख्य गाड्यांत दोष धन तारेत नसून अर्थमध्ये असतो : डिकीतील सीटबेल्टच्या किंवा सीटच्या बोल्टखाली रंग न खरवडता थिंबल (तारेच्या टोकाचे धातूचे कडे) दाबलेले असते आणि वरून पाहता सगळे घट्ट दिसते. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर थिंबल बसवावे, तारेवर नीट दाबून (क्रिंप करून) घ्यावे आणि वरून गंज न चढेल असा लेप द्यावा. कोकणात व किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी हा जोड पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहावा.

तारेची जाडी ठरवताना आकडेच बोलके आहेत. शुद्ध तांब्याच्या ८ गेज (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) तारेत पाच मीटर लांबीला आणि ६० अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट हरवतात, ४ गेज घेतली तर पाव व्होल्टच. मात्र बाजारातील स्वस्त संचांत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार असते; तिच्यातील घट तांब्याच्या तारेच्या दीडपटीहून अधिक भरते. म्हणजे तीच ८ गेज तार ०.६ ऐवजी जवळजवळ १ व्होल्ट खाते. बाहेरचे जाड, रंगीत प्लास्टिक पाहून तार निवडू नये. टोक सोलून, चाकूने तारेचा काप खरवडून पाहावा; आत चांदीसारखा रंग दिसला तर ती ॲल्युमिनिअमची आहे. (मुलामा म्हणून कथील दिलेली तांब्याची तारही बाहेरून पांढरी असते, पण खरवडल्यावर आत तांबूस दिसते.) धन तारेला बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच. तो अँप्लिफायरसाठी नसून तार कुठे घासून बॉडीला लागली तर गाडी पेटू नये यासाठी असतो.

आपल्या बाबतीत क्रम असा ठेवावा. आधी अर्थ दुरुस्त करावा. मग अल्टरनेटरपासून बॅटरीच्या धन खांबापर्यंत, बॅटरीच्या ऋण खांबापासून बॉडीपर्यंत आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणाऱ्या मूळ तारांना समांतर अशा जाड तारा टाकाव्यात. अल्टरनेटरच्या तारेत फ्यूज विसरू नये. जुन्या गाडीत एवढ्यानेच बॅटरीवरचे व्होल्टेज लक्षणीय सावरते. तरीही इंजिनाला फेरे असताना व्होल्टेज १३ च्या खाली जात असेल, तर अल्टरनेटर कमी पडतो आहे किंवा त्याचा एखादा डायोड गेला आहे, असे समजून तो गाडीतून उतरवून तपासून घ्यावा.

प्रश्न (सोलापूर) : माझ्या ३०० वॉटच्या सबवूफरची कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) जळली. अँप्लिफायरही ३०० वॉटचाच होता आणि व्होल्टेज नेहमी १२.५ च्या आसपास असे. व्होल्टेज कमी म्हणजे वॉट कमी. मग कॉइल जळायलाच नको होती. असे कसे झाले?

उत्तर : व्होल्टेज कमी असल्यामुळेच हे घडले असण्याची शक्यता मोठी आहे. १२.५ व्होल्टवर आपला अँप्लिफायर स्वच्छ आवाजात सुमारे २२५ वॉटच देऊ शकत होता. आवाज थोडा कमी वाटला म्हणून बहुतेक जण गेनचा (आत येणारा संकेत किती वाढवायचा ते ठरवणारा) स्क्रू फिरवतात किंवा बेस वाढवतात. पण लाटेचे शिखर अँप्लिफायरच्या आतल्या व्होल्टेजपलीकडे जाऊ शकत नाही. मग शिखर सपाट कापले जाते, यालाच क्लिपिंग म्हणतात. शिखर कापले गेलेली लाट जितकी चौकोनी होत जाते तितकी तिची सरासरी शक्ती वाढते. पूर्ण चौकोनी लाटेची शक्ती त्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या दुप्पट असते. म्हणजे २२५ चे ४५० पर्यंत जाऊ शकतात. शिवाय संगीतात एरवी जोरकस ठोका आणि त्यामागची शांतता यांत मोठे अंतर असते आणि त्या शांततेत कॉइल निवते. गेन वाढवल्यावर ते अंतरच नाहीसे होते आणि कॉइलला उसंत मिळत नाही. कॉइल उष्णतेने जळते, व्होल्टेजच्या आकड्याने नव्हे.

नवा सबवूफर बसवल्यावर गेन मोजूनच लावावा. शक्ती आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की अँप्लिफायरच्या टोकाला किती एसी व्होल्ट हवेत ते मिळते : ३०० वॉट आणि ४ ओहम असतील तर ३४.६ व्होल्ट. स्पीकर सोडवून ठेवावा, ५० हर्ट्झचा स्वर लावावा आणि तेवढे व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू वाढवावा. स्वर ५० हर्ट्झचाच घ्यावा, कारण साधे मल्टिमीटर एसी व्होल्ट घरगुती विजेच्या त्याच वारंवारितेला बिनचूक दाखवतात. आता एक खोच आहे. स्पीकर सोडवलेला असल्यामुळे अँप्लिफायरवर भार नसतो आणि गाडीचे व्होल्टेजही खाली येत नाही. प्रत्यक्ष वाजवताना ते येणारच. म्हणून आपल्या गाडीत भाराखाली १२.५ व्होल्ट राहत असतील तर ३०० ऐवजी २२५ वॉटांचा हिशेब धरावा आणि गेन ३० व्होल्टवर थांबवावा. आवाजात फरक पडेल तो १.२ डेसिबलचा. नवी कॉइल भरण्याच्या खर्चापेक्षा तो केव्हाही परवडतो. आणि त्यानंतर स्टिरिओतील बेस-बूस्टला हात लावू नये, नाहीतर ही सगळी मोजणी वाया जाते.

प्रश्न (पुणे) : नव्या गाडीत व्होल्टमीटर बसवला. तो कधी १२.६, कधी १४.८ दाखवतो. अल्टरनेटर बिघडला आहे का?

उत्तर : बहुधा नाही. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज इंजिनाचा संगणक ठरवतो. वेग घेताना तो अल्टरनेटरला जवळजवळ विश्रांती देतो, म्हणजे इंजिनावरचा भार कमी होऊन इंधन वाचते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की तोच अल्टरनेटर जोराने चार्ज करू लागतो. मारुती सुझुकीने २०१५ मध्ये सियाझ आणि एर्टिगाच्या डिझेल गाड्यांत आणलेली एसएचव्हीएस (स्मार्ट हायब्रिड) प्रणालीही गती कमी होतानाची ऊर्जा बॅटरीत साठवण्याच्या याच तत्त्वावर आहे. अशा गाडीत अँप्लिफायरची शक्ती रस्त्याच्या चढउताराबरोबर बदलत राहते. नियंत्रित पुरवठ्याचा अँप्लिफायर घ्यावा असे मी ज्यांना सुचवतो ते अशाच गाड्यांचे मालक. काही गाड्यांत हेडलाइट लावले की संगणक व्होल्टेज वर ठेवतो, हेही आपल्या मीटरवर पडताळून पाहता येईल.

वायरमनला मात्र एक सूचना न विसरता द्यावी. अशा गाड्यांत बॅटरीच्या ऋण खांबावर प्रवाह मोजणारा एक छोटा सेन्सर असतो. अँप्लिफायरचा अर्थ थेट त्या खांबाला जोडला तर तो प्रवाह सेन्सरमधून जात नाही, संगणकाला बॅटरी किती उतरली हे कळत नाही आणि ती हळूहळू अर्धपोटी राहू लागते. अर्थ नेहमी बॉडीला द्यावा.

प्रश्न (रत्नागिरी) : सहलीला गेल्यावर इंजिन बंद ठेवून दोन तास गाणी लावली तर गाडी सुरू होईल ना?

उत्तर : नुसता स्टिरिओ मध्यम आवाजात असेल तर निरोगी बॅटरीवर अडचण येऊ नये. अँप्लिफायर आणि सबवूफर असेल तर सांभाळावे. लहान गाड्यांत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सर्रास असते. सरासरी १० अँपिअर ओढले गेले तर दोन तासांत २० अँपिअर-अवर संपतात, म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि सेल्फ मारायला काही क्षण शंभराहून अधिक अँपिअर लागतात. गाणी थांबवून काही मिनिटांनी मीटरवर १२.२ दिसले तर बॅटरी निम्म्यावर आली आहे असे समजून इंजिन सुरू करावे. सुरू करण्याच्या बॅटऱ्या वारंवार खोलवर उतरवण्यासाठी बनवलेल्या नसतात, अशाने त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. आणि चार्जिंगसाठी इंजिन चालू ठेवायचे तर मोकळ्या हवेतच ठेवावे. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो; त्या वायूला वासही नसतो.

प्रश्न (जळगाव) : आमच्या ट्रकला २४ व्होल्ट आहेत. मेकॅनिकने दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्टची तार काढून अँप्लिफायर जोडून दिला. चालतोही चांगला. धोका आहे का?

उत्तर : अँप्लिफायरला धोका नाही, बॅटऱ्यांना आहे. दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि अल्टरनेटर दोन्हींमधून एकच प्रवाह सोडतो. जिच्यावरून आपण वीज काढता ती रोज थोडी अधिक उतरते, पण चार्जिंग दोघींना सारखेच मिळते. अल्टरनेटर दोघींची मिळून बेरीजच पाहत असल्यामुळे उतरलेली बॅटरी कमी व्होल्टेजवर अर्धवट भरलेली राहते आणि दुसरीवर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज येऊन तिचे पाणी आटते. काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात.

२४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा. तो साधारण १३.८ व्होल्ट स्थिर देतो, हा अँप्लिफायरच्या दृष्टीने लाभच आहे. निवडताना त्याचा अखंड प्रवाहाचा आकडा पाहावा, क्षणिक नव्हे. ३० अँपिअरच्या कन्व्हर्टरमधून सुमारे ४१० वॉट मिळतात, म्हणजे क्लास ‘डी’च्या अँप्लिफायरमधून स्पीकरपर्यंत जास्तीत जास्त ३३० वॉट पोहोचतील. केबिनमध्ये ऐकण्यासाठी तेवढे पुरेसे आहेत. कन्व्हर्टर बराच तापतो, म्हणून तो सीटखाली कपड्यांत किंवा गादीत दाबून न बसवता, पत्र्याला घट्ट टेकवून, हवा लागेल असा बसवावा आणि त्याच्या २४ व्होल्टच्या बाजूलाही बॅटरीजवळ फ्यूज घालावा.